नळीचं तोंड कुणाकडे

ज्या घराच्या भिंतीवर शस्त्र टांगलेलं असतं, त्या घराकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची छाती होत नाही. हे वाक्य माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दर खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बंदुकीला झेंडूची माळ घालून झाली की अण्णा थोडे मागे सरकायचे आणि हे वाक्य म्हणायचे. प्रत्यक्षात आमच्या खोलीत येणारा प्रत्येक जण त्या भिंतीकडे वाकडंच बघायचा. सरळ बघितलं की नळीच्या तोंडात डोकावल्यासारखं व्हायचं.

परवा त्या खोलीत शेवटची जाऊन आले. लालबागची आमची चाळ आता पाडणार आहेत. तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरचं मोठं चित्र फाटकावर लावलंय. चित्रातली माणसं उंच आहेत, निवांत आहेत आणि एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही. रहिवासी कधीच पांगले. मी लग्नानंतर अँटॉप हिलला असते. अण्णा आणि आई दोघंही गेल्यामुळे किल्ली परत करायचं काम माझ्याकडे आलं. सामान आधीच हललं होतं. कपाट, फळ्या, पाण्याचं पिंप, देव्हारा, सगळं टेम्पोवाल्याने खाली नेलं आणि शेवटी तो त्या भिंतीपाशी येऊन थांबला. "ताई, बाकी कुछ भी बोलो," म्हणाला, "वो अपुन नहीं उठाएगा."

म्हणून ती अजून तिथेच होती. दोन लाकडी खुंट्यांवर आडवी, काळी, अंगावर धुळीची मऊ साय.

रिकाम्या खोलीला स्वतःचा वास असतो. सामान असेपर्यंत तो कळत नाही. ओला चुना, जुनं रॉकेल, मोरीतला शेवाळलेला दगड, आणि या सगळ्याच्या खाली खोबरेल तेल. आमच्याकडे बंदुकीला खोबरेल लावायचे. डोक्याला आणि बंदुकीला एकच बाटली. आजही केसांना तेल लावताना मी आधी भिंतीकडे बघते.

ती ठासणीची बंदूक होती. तोंडातून आधी दारू ओतायची, मग छर्रे, मग वर काहीतरी बोळा कोंबून लांब गजाने ठासायचं. मागच्या बाजूला एक लहानशी तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो आणि बार उडतो. पणजोबांनी गावी, कोकणात, रानडुकरांसाठी ती घेतली होती. घरातली कथा अशी की एका संध्याकाळी त्यांनी ती भरली, डुक्कर आलंच नाही, आणि त्यानंतर पणजोबाच गेले. आजोबा मिलमध्ये लागले तेव्हा त्यांनी ती चटईत गुंडाळून, एका फणसाच्या सोबतीने मुंबईला आणली. भरलेली. भरलेली बंदूक रिकामी करायचे दोनच मार्ग आमच्या घराण्याला माहीत होते. एक म्हणजे ती उडवणं आणि दुसरा, विषय बदलणं. पिढ्यान्‌पिढ्या दुसरा मार्ग वापरला गेला.

चाळीच्या खोलीत मात्र असा विषय बदलून भागत नाही. भिंती अर्ध्या विटेच्या. डावीकडे मालतीकाकू, उजवीकडे दाजी, आणि मध्ये आम्ही. मागच्या भिंतीवर बंदूक आडवी टांगायची तर नळीचं तोंड कुणाच्या तरी घराकडे होणारच. उभी टांगली तर वरच्या मजल्यावरचे खाली येऊन भांडणार, उलटी टांगली तर खालच्या मजल्यावरचे वर. यावर आजोबांच्या काळात एक तोड निघाली होती आणि ती चाळीने देवकार्यासारखी पाळली. एक वर्ष तोंड काकूंकडे, एक वर्ष दाजींकडे. खंडेनवमीला पूजेसाठी बंदूक खाली काढायची आणि परत टांगताना फिरवायची. आमच्याकडे वर्षांना आकडे नव्हते. काकूंचं वर्ष आणि दाजींचं वर्ष. "बबनचं लग्न कधी झालं गं?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "दाजींचं वर्ष होतं."

काकूंच्या वर्षी काकू आपल्या बाजूच्या भिंतीला पितळी भांड्यांनी भरलेली ट्रंक उभी करून ठेवायच्या. दाजींच्या वर्षी दाजी आपल्या बाजूला मारुतीची तसबीर लावायचे. काकू म्हणायच्या, "मारुतीला छर्रे लागत नाहीत. मला लागतात."

आणि मी. माझी गादी काकूंच्या बाजूला असायची. म्हणजे काकूंच्या वर्षी नळीचं तोंड बरोबर माझ्या उशाच्या वर यायचं. एक काळं, गोल, पाणी नसलेल्या विहिरीसारखं भोक. दुपारी शाळेतून येऊन आडवी पडले की मी त्याच्याकडे बघायची आणि तेही माझ्याकडे बघायचं. कुणी जिन्यावरून धावत आलं की खुंट्या किंचित थरथरायच्या. वरच्या मजल्यावर कुणी मसाला कुटायला घेतला की मी गादी ओढून दारापर्यंत आणायची. आई विचारायची, "काय गं, उकडतंय?" मी हो म्हणायची. ज्या घराण्याचा अभिमान भिंतीवर आहे त्या घराण्यातल्या मुलीला त्या अभिमानाची भीती वाटते, हे आमच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं. दाजींचं वर्ष आलं की माझ्या उशाशी दस्त्याची लाकडी बाजू यायची आणि मी सुटल्यासारखी झोपायची. पाठ दाखवून बसलेल्या जनावरासारखी वाटायची ती तेव्हा. वर्षभर अंग सैल पडायचं. पुढच्या खंडेनवमीपर्यंत.

खंडेनवमीचा वास सकाळपासून जिन्यातच सुरू व्हायचा. झेंडू, आंब्याची पानं, पितळ घासायची चिंच. तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत पट्टे, भाले, लाठ्या, लेझमी मांडलेल्या असायच्या. आमच्या घरी पाटावर लाल कापड, त्यावर बंदूक, शेजारी आईची विळी, अण्णांचं दाढीचं सामान आणि माझी कंपासपेटी, कारण त्यात कर्कटक होतं. अण्णा बंदूक उतरवायचे तेव्हा आम्ही सगळे बाहेर गॅलरीत. डावीकडच्या आणि उजवीकडच्या खोल्याही रिकाम्या. मग आत बोलावणं यायचं आणि सर्वांत वाईट क्षण यायचा तो आरतीचा. अण्णा निरांजन घेऊन दारूने भरलेल्या वस्तूला ओवाळायचे. ज्योत घोड्याजवळून जायची, नळीजवळून जायची, परत घोड्याजवळ यायची. टाळ्यांच्या आवाजात आईच्या बांगड्यांचा आवाज नसायचा. तिचा हात माझ्या दंडावर असायचा, आणि संध्याकाळी तिथे चार बोटं उमटलेली असायची. आरतीनंतर अण्णा ते वाकड्या नजरेचं वाक्य म्हणायचे. दाजी दारातून उत्तर द्यायचे, "नजर नाय, आमची मानच वाकडी झाली हा."

दाजींना सगळी चाळ दाजीच म्हणायची. व्यायामशाळेत ते मुलांना दांडपट्टा शिकवायचे. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढे लांब, लवलवतं पातं. दाजी तो फिरवायला लागले की भुंगा कोंडल्यासारखा आवाज यायचा आणि त्यांच्याभोवती चकचकीत गोळा तयार व्हायचा. जमिनीवर आडव्या झालेल्या मुलाच्या पोटावर ठेवलेलं लिंबू ते कापायचे आणि पोटाला ओरखडा नसायचा. मुलाची आई मात्र त्या दिवशी जेवायची नाही.

मिलचा भोंगा बंद झाला त्यानंतरची वर्षं ही. तो वाजायचा तेव्हा कुणाला ऐकू येत नव्हता. बंद झाल्यावर सगळ्यांना ऐकू यायला लागला. ज्या वेळेला चाळीत फक्त बायका आणि कावळे असायचे, त्या वेळेला गॅलरीत पुरुष दिसू लागले. बनियनवर, हातात घडी मोडलेलं वर्तमानपत्र, जाण्यासारखं कुठे नाही. अण्णा मिलच्या ऑफिसात होते, दाजी साच्यावर, म्हणजे मागावर. आता दोघं एकाच बाकावर. आणि दुपारभर एकच वाद. हातघाईच्या लढाईत खरं कोण, बंदूक की तलवार?

"हातघाईत बंदूक म्हणजे लोखंडी लाटणा," दाजी म्हणायचे.

"लाटण्याने पण माणूस मरतो, दाजी. वहिनींना विचारा."

"तू दारू घालतलंस, मग छर्रे, मग गजान ठासतलंस, मग टोपी लावतलंस. तवसर मी येवन, तुझी मान कापून, च्या पिऊन परत जातलंय."

"आणि आधीच भरलेली असली तर?"

दाजी वर्तमानपत्र खाली ठेवायचे. "भरलेली असा काय?"

मग अण्णा वर्तमानपत्र उचलायचे.

त्या दिवसाचा वाद तिथे संपायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, भीती वाटणाऱ्या गोष्टींवर माणूस वाचतोच. शेकडो वर्षं शहाणीसुरती माणसं अण्णा-दाजींचाच वाद रणांगणावर घालत होती. एक बार उडाला की बंदूकवाल्याच्या हातात काठी उरायची आणि तो ती उलटी धरून दस्त्याने हाणायचा. दमट हवेत दारू सादळायची, पातं सादळत नसे. पण पातंवाला जवळ पोचायच्या आतच पुष्कळदा संपलेला असे. शेवटी कुणीतरी बंदुकीच्या टोकाला सुरी बसवली आणि दोन्ही पक्षांना एकाच दांड्याला बांधून टाकलं. आमच्या चाळीत ही सोय नव्हती. तिथे दोघांना वेगवेगळं उभं राहावं लागलं.

तो दिवस खंडेनवमीचाच. पूजा झाली होती, बंदूक अजून परत टांगली नव्हती. व्यायामशाळेत एक पुढारी "तलवार हा मर्दाचा दागिना आहे" असं माइकवरून सांगत होते आणि ते ऐकून दाजी वर आले होते. कपाळाला गुलाल, हातात पट्टा.

"ऐकलंस मा?" ते अण्णांना म्हणाले. "दागिनो. आणि तुझा तां नळकांडा."

अण्णांनी पाटावरून बंदूक उचलली. मी अण्णांना पूजेशिवाय ती उचलताना त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं.

ठरलं ते फार साधं होतं. गॅलरीच्या एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला दाजी. अण्णा घोडा चढवून नेम धरणार. टोपी लावायची नाही. काकूंनी पातेलं खाली टाकलं की दाजींनी धावायचं आणि अण्णांनी चाप ओढायचा. पातं आधी पोचतं की घोडा आधी पडतो, एवढंच बघायचं.

"टोपी नाही, बघ," अण्णांनी आईला मागची बाजू दाखवली.

"आत काय आहे ते दाखवा," आई म्हणाली.

"आत कसं दाखवणार?"

"मग तुम्हाला पण माहीत नाही." आईने पदर कमरेला खोचला. तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी बारीक झाला. "दोन बाप्ये आणि एक गंजकं नळकांडं. अरे, ह्यांना कुणीतरी कामावर बोलवा रे."

कुणी बोलावणार नव्हतं. म्हणून तर ते चाललं होतं.

सगळी माणसं खोल्यांत शिरली. दारादारांतून फक्त डोकी बाहेर. मी आमच्या दारात, आईच्या पदराला धरून. माझ्या डावीकडे अण्णा. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, त्यावर गाल टेकला आणि एक डोळा मिटला. गाल दस्त्यावर दाबला गेल्यामुळे त्यांचं तोंड थोडं वाकडं झालं होतं, हसल्यासारखं. नळीवर झेंडूची माळ तशीच होती, कारण पूजेची माळ त्या दिवशी काढत नाहीत. तिच्यातून उदबत्तीचा वास येत होता. उजवीकडे, लांब, पाण्याच्या पिंपापाशी दाजी. अनवाणी. पट्टा फिरायला लागला आणि तो भुंगा सुरू झाला.

ते मजेत चाललंय असं मला एक क्षणही वाटलं नाही. इतर मुलं खिदळत होती. मी त्या भोकाला पुरी ओळखून होते. आज पहिल्यांदाच त्याच्या समोर कुणीतरी खरोखर उभं होतं.

पातेलं पडलं.

दाजी धावले. पायांखालच्या फळ्या धडधडत आमच्यापर्यंत आल्या. मी डोळे मिटायला हवे होते, ते मिटले नाहीत. अण्णांचं बोट आत गेलं, घोडा पडला.

खट्‌.

एवढाच आवाज. फडताळाची कडी पडते तेवढा. नंतर आयुष्यात मी बरेच मोठे आवाज ऐकले, पण दचकते ती अजून कडी पडल्यावर. आणि त्याच क्षणी माळ तुटली. पात्याने तिला मधोमध कापलं होतं आणि पातं अण्णांच्या मानेपाशी, कॉलरला टेकून, थरथरत उभं होतं. झेंडूची फुलं एकेक करून खाली चौकात पडत होती. ती पडल्याचा आवाज येत नाही. पण मी ते ऐकत होते.

"मेलंस!" दाजी धापा टाकत म्हणाले.

"तुम्ही आधी मेलात. घोडा आधी पडला."

"पातां आधी पोचला!"

दोन मेलेले पुरुष गॅलरीत उभे राहून आधी कोण मेलं यावर भांडत होते. काकूंनी पातेलं उचलून उलटंसुलटं बघितलं. "दोघं पण मेलात," त्या म्हणाल्या. "आता याला पोचा पडलाय त्याचं बघा." आई आत गेली आणि मोरीत बसून रडली. नळ चालू ठेवून.

त्या संध्याकाळी बंदूक परत टांगली गेली. कुणाचं वर्ष होतं ते मला आठवत नाही, आणि आमच्याकडे ते न आठवणं म्हणजे फारच झालं.

वाद तिथे संपला, पण दाजी मात्र बदलले. ते 'बंदुकीवर धावलेले दाजी' झाले. भरलेल्या बंदुकीवर! दर दसऱ्याला व्यायामशाळेत त्यांना शाल आणि नारळ मिळू लागला. पुढारी बदलायचे, भाषण बदलायचं नाही. गोष्टीत गॅलरी हळूहळू मैदान झाली, बंदुकीची तोफ होता होता राहिली. अण्णा श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवायचे. एका जागी उभं राहण्याबद्दल कुणाला शाल देत नाहीत. दाजींचा साचा गेला होता, पुढे मुलगा गेला, मग गुडघे गेले, पण गल्लीतून जाताना नवीन पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची, "तेच ना रे ते?" आणि दाजींची पाठ ताठ व्हायची. माणसाला जगायला थोडंसं काहीतरी लागतं. त्यांना ते मिळालं होतं.

म्हणूनच परवा ते माझ्याबरोबर होते. आता नायगावला मुलीकडे असतात. मी पोलिसांना बोलावलंय असं फोनवर सांगितल्यावर म्हणाले होते, "तू एकटी जाव नको. मी येतंय." वर चढायला त्यांना फार वेळ लागला. प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे, जणू काही आठवतायत. आठवत नव्हते, दम लागला होता.

खोलीत आल्यावर त्यांनी बंदुकीकडे बघितलं. वाकडंच.

"चेडवा," हळूच म्हणाले, "पोलिसांका कशाक बोलवलंस? टॅक्सी करूया. चौपाटीवर जाऊन दर्यात टाकूया."

"टॅक्सीवाला घेईल का, दाजी?"

"चटईत गुंडाळूया. इली तशी जातली."

"भरलेली असली तर?"

"भरलेली असा तर काय भय नाय." ते भिंतीला टेकून उकिडवे बसले. गुडघे कडकडले. मग खाली फरशीकडे बघत म्हणाले, "रिकामी निघाली तर मग? एवढी वर्सां लोक माका नमस्कार करतत. मी पायपावर धावलंय असा होतला."

मला ती रिकामी हवी होती. रिकामी निघाली असती तर माझी ती सगळी काकूंची वर्षं मागे जाऊन सुरक्षित झाली असती. उशावरचं ते भोक नुसतं भोक ठरलं असतं. आईच्या बोटांचे वळ, मोरीतला चालू नळ, सगळ्याला उगाचच म्हणता आलं असतं. दाजींना ती भरलेली हवी होती. आम्ही दोघं त्या रिकाम्या खोलीत एकमेकांचं वाईट चिंतत बसलो होतो, फार प्रेमाने.

हवालदार आले, बरोबर शस्त्रागारातला एक माणूस, खांद्याला कॅनव्हासची पिशवी.

"मॅडम, परवाना?" हवालदारांनी विचारलं.

"पणजोबांचा असेल."

"मग पणजोबांना बोलवा." स्वतःच्या विनोदावर हसून ते लगेच दस्त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी आणि दाजी आधीच तिथे होतो. ज्याला जन्मभर नळीचं तोंड चुकवायची सवय, तो आणखी कुठे उभा राहणार?

शस्त्रागारातला माणूस मात्र दोन्ही टोकं सोडून मध्ये, भिंतीला लागून उभा राहिला. त्याने बंदूक उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चुना उरला, नवा, कालच लावल्यासारखा. आधी त्याने घोडा तपासला, मग एक बारीक सळई नळीत हळूच सोडली, बोटाने खूण धरली, बाहेर काढून नळीला लावून बघितली. सळई तळाला पोचली नव्हती. बरीच अलीकडे थांबली होती.

"आत आहे काहीतरी," तो म्हणाला.

दाजी भिंतीला धरून उभे राहिले.

मग गॅलरीत नेऊन त्याने नळीत पाणी ओतलं. दारू भिजू दे, म्हणाला. आम्ही थांबलो. खाली चौकात मुकादम कुणावर तरी ओरडत होता, समोरच्या अर्ध्या पाडलेल्या चाळीत कुणाच्या तरी देवघराच्या निळ्या फरश्या उन्हात चमकत होत्या. चहा मागवायला चहावालाच उरला नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने टोकाला पिळाचा आकडा असलेली दुसरी सळई आत घातली आणि फिरवायला लागला. पहिल्यांदा आला तो कापसाचा काळपट बोळा. मिलमध्ये मशीन पुसायला जो द्यायचे ना, तसला. आमच्या घरात त्याची कायम एक पिशवी असायची. त्यामागून छर्रे, गॅलरीच्या फळ्यांवर टपटप. मग काळा चिखल. मला वाटलं झालं. तो फिरवतच राहिला. मग आला नारळाच्या काथ्याचा बोळा, कोकणातला, पणजोबांचा. त्यामागे आणखी छर्रे, आणखी चिखल.

मुंबईत कुणीतरी, आधीच भरलेली बंदूक पुन्हा एकदा भरली होती. आजोबा होते की अण्णा, ते कापूस सांगत नाही. मी दाजींकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत नव्हते.

"म्हणजे भरलेली होती," ते म्हणाले.

"दोनदा," तो माणूस म्हणाला.

दाजींनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार होती आणि चेहरा असा झाला होता, जसा शाल अंगावर पडताना व्हायचा. डोळ्यांत पाणी. "ऐकलंस, चेडवा? दोनदा! दोन बारांवर धावलंय मी." हवालदारांनाही त्यांनी ते सांगितलं. गॅलरीचं टोक दाखवलं, पिंप कुठे होतं ते दाखवलं, पट्टा धरलेला हात वर करून दाखवला. हवालदार "काय सांगता!" म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. माझी मात्र सगळी काकूंची वर्षं एकदम परत आली. ते भोक खरंच बघत होतं माझ्याकडे.

"उडाली असती तर?" दाजींनी त्या माणसाला विचारलं. त्यांना ते ऐकायचंच होतं, साक्षीदारांसमोर.

तो मागची बाजू फडक्याने पुसत होता. पुसलं की तिथे पुन्हा ओल यायची. त्याने बंदूक उजेडात धरली. घोड्याखाली, जिथे नळी लाकडात शिरते, तिथे केसाएवढी बारीक चीर होती आणि तिच्यातून त्याने ओतलेलं पाणी थेंबथेंब झिरपत होतं. खाली फळ्यांवर, दस्त्याच्या बाजूला आम्ही तिघं उभे होतो तिथे, डाग पडला होता.

"जुनी चीर आहे," तो म्हणाला. "आतपर्यंत धुराने काळी. या दोन्ही बारांच्या आधीची. उडाली असती तर सगळा जोर इथून, मागून निघाला असता. गाल लावून धरणाऱ्याचं डोकं राहिलं नसतं."

अण्णांचा गाल. दस्त्यावर दाबलेला, हसल्यासारखा. आणि दाजींची वर्षं, लाकडी बाजू उशाशी घेऊन मी निर्धास्त झोपायची ती सगळी.

दाजींचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला.

"आणि समोरचो?" त्यांनी विचारलं. "समोरसून धावत येणारो?"

त्या माणसाने सळया पुसून पिशवीत ठेवल्या, पिशवीचं बक्कल लावलं.

"समोरच्याला काय होणार, आजोबा? कानठळ्या बसल्या असत्या."